पुढचं काम कोण देणार? स्टॉकटनच्या एका सुनावणी अधिकाऱ्याचं प्रकरण

डोमेस्टिक इन्क्वायरीची, म्हणजे कंपनीनं आपल्याच कामगाराच्या गैरवर्तनाबद्दल लावलेल्या अंतर्गत चौकशीची, पहिली तारीख बहुतेक वेळा वीस मिनिटांत उरकते. हजेरी होते, चार्जशीट वाचून दाखवतात, आरोप मान्य की अमान्य ते विचारतात आणि रोजनाम्यात एक ओळ पडते: "चौकशी अधिकाऱ्यांबाबत आरोपित कामगाराची कोणतीही हरकत नाही." कित्येकदा ही ओळ आधीच टाईप करून आणलेली असते. कामगार खाली सही करतो. हरकत घ्यायची तर कशाच्या जोरावर घेणार? समोर बसलेले वकीलसाहेब कंपनीला कुठून मिळाले, याआधी तिथल्या किती चौकशा त्यांनी केल्या, एका बैठकीचे किती घेतात, यातलं काहीच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत चौकशी अधिकारी म्हणून काम केलं आहे आणि कामगारांचा बचावही मांडला आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरांचं प्रकरण वाचताना ते परक्या मुलुखातलं वाटलंच नाही. प्रश्न अगदी तोच होता. सुनावणी चालवणाऱ्या माणसाला एकाच बाजूनं निवडलं, त्याच बाजूनं पैसे दिले आणि पुढचं कामही तिच्याकडूनच मिळण्याची शक्यता असली, तर त्याला तटस्थ म्हणायचं का? या प्रश्नावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2021 मध्ये निकाल दिला. 'नटराजन विरुद्ध डिग्निटी हेल्थ' या नावानं तो ओळखला जातो.

आधी तिथली व्यवस्था समजून घ्यायला हवी. तिथल्या खाजगी हॉस्पिटलात काम करणारे बरेच डॉक्टर हॉस्पिटलचे नोकर नसतात. त्यांना तिथे रुग्ण दाखल करण्याचा आणि उपचार करण्याचा अधिकार दिलेला असतो, त्याला प्रिव्हिलेजेस म्हणतात. हॉस्पिटलातल्या सगळ्या डॉक्टरांचं मिळून एक मेडिकल स्टाफ मंडळ असतं. त्याची स्वतःची उपविधी, म्हणजे अंतर्गत नियमावली, असते आणि स्वतःची कार्यकारी समिती असते. एखाद्याच्या कामाबद्दल तक्रार आली की त्याचेच समव्यवसायी ती तपासतात, आणि यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. प्रिव्हिलेजेस गेले की गोष्ट त्या एका हॉस्पिटलापुरती राहत नाही. कायद्यानुसार राज्याच्या मेडिकल बोर्डाला अहवाल जातो. 30 दिवसांपेक्षा जास्त काळाची कारवाई असेल तर 1990 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय डेटा बँकेतही नोंद होते, आणि प्रत्येक हॉस्पिटलला आपल्या डॉक्टरांबद्दल दर दोन वर्षांनी ती बँक तपासावी लागते. म्हणजे एका गावात लागलेला शिक्का डॉक्टर जाईल तिथे त्याच्या आधी पोचतो.

तपासणारे समव्यवसायी अनेकदा धंद्यातले प्रतिस्पर्धीही असतात. ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया या लहान गावात एका सर्जननं गावातल्या मोठ्या क्लिनिकमध्ये भागीदार व्हायला नकार दिला आणि स्वतःची प्रॅक्टिस थाटली. पुढे त्या क्लिनिकच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं त्याचे प्रिव्हिलेजेस काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1988 मध्ये सर्जनच्या बाजूनं निकाल लागला. त्याच काळात, 1986 मध्ये, अमेरिकेच्या संसदेनं प्रामाणिक पीअर रिव्ह्यूला संरक्षण देणारा कायदा केला आणि 1989 मध्ये कॅलिफोर्नियानं स्वतःची वेगळी कलमं आणली. डॉक्टरला नीट सुनावणी मिळाली पाहिजे हे या कलमांचं सूत्र आहे.

सुनावणीचे दोन मार्ग दिले आहेत. एक, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या पद्धतीनं निवडलेला लवाद. दुसरा, निःपक्ष व्यक्तींचं पॅनेल, आणि शक्य असेल तर त्यात त्याच शाखेचा एखादा डॉक्टर. पॅनेल डॉक्टरांचं असतं. त्यांना पुरावा कसा घ्यायचा, हरकत कशी नोंदवायची, साक्षीदाराला कुठे थांबवायचं याची सवय नसते. म्हणून एक सुनावणी अधिकारी नेमायची मुभा आहे. तो बहुधा वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतो. त्याला मत नसतं, आणि फिर्यादी पक्षाची वकिली करायलाही बंदी असते.

"मत नाही ना, मग त्याचं एवढं काय?" असं मला एका एचआर मॅनेजरनं एकदा विचारलं होतं. ज्यानं चौकशी चालवली आहे तो असं विचारणार नाही. कोणता कागद दाखल करून घ्यायचा, कोणता नाही, ते अधिकारी ठरवतो. डॉक्टरनं इतर डॉक्टरांच्या नोंदी मागितल्या, आपल्याला लावलेली फूटपट्टी त्यांनाही लावली होती का हे दाखवायला, तर त्या द्यायच्या की नाही हेही तोच ठरवतो. साक्षीदार अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तारीख द्यायची का, हा निर्णय त्याचाच. अनेक उपविधींमध्ये पॅनेल विचारविनिमयाला बसतं तेव्हा सल्ला द्यायला तो आत असतो. पॅनेलमधले डॉक्टर कायद्याच्या प्रत्येक मुद्द्यावर त्याच्याच तोंडाकडे बघतात. त्याला करता येत नाही अशी एक गोष्ट मात्र 2009 मध्ये स्पष्ट झाली. लॉस एंजेलिसमधल्या एका प्रकरणात डॉक्टर कागदपत्रं देत नाही म्हणून सुनावणी अधिकाऱ्यानं सुनावणीच बंद करून टाकली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा अधिकार त्याचा नाही, पॅनेलचा आहे.

कायद्यात या अधिकाऱ्याबद्दल आणखी एक अट आहे: निकालातून त्याचा थेट आर्थिक फायदा होता कामा नये. डॉक्टरला त्याला आणि पॅनेलच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याचा, त्यांच्या निःपक्षपणाला आव्हान देण्याचा हक्कही आहे. पण आव्हानावर निर्णय कोण देणार? अध्यक्षस्थानी असलेला अधिकारी, म्हणजे सुनावणी अधिकारी नेमला असेल तर तोच. हे कलम मी दोनदा वाचलं. स्वतःवरच्या हरकतीचा निवाडा त्यानं स्वतःच करायचा. आपल्याकडच्या चौकशांतही व्यवहारात हेच होतं. हरकत चौकशी अधिकाऱ्याकडे जाते, तो "हरकत फेटाळली" असं लिहितो आणि काम पुढे चालू होतं. फरक इतकाच की तिथे ते कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे.

आता मूळ प्रकरण. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या सेंट जोसेफ मेडिकल सेंटरमध्ये डॉ. नटराजन हॉस्पिटलिस्ट होते, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णांची देखरेख करणारे. रुग्णांच्या नोंदी वेळेत पूर्ण होत नाहीत, कॉल आल्यावर प्रतिसादाला उशीर होतो, रुग्ण गरजेपेक्षा जास्त दिवस राहतात, अशा तक्रारी होत्या. कार्यकारी समितीनं त्यांचं सदस्यत्व आणि प्रिव्हिलेजेस काढून घेण्याची शिफारस केली. डॉक्टरांनी सुनावणी मागितली.

सुनावणी अधिकाऱ्याची निवड हॉस्पिटलच्या अध्यक्षांकडून झाली. नेमले गेले ते अर्धनिवृत्त वकील होते आणि त्यांचं बहुतेक काम हेच होतं: हॉस्पिटलांच्या पीअर रिव्ह्यूमध्ये सुनावणी अधिकारी म्हणून बसणं. डिग्निटी हेल्थ ही हॉस्पिटलांची मोठी साखळी आहे, कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि नेवाडात पसरलेली. या वकिलांनी त्याच साखळीतल्या इतर हॉस्पिटलांतही असंच काम आधी केलं होतं. त्यांच्या करारात एक कलम होतं. ही सुनावणी झाल्यावर पुढची तीन वर्षं सेंट जोसेफमध्ये त्यांना हे काम घेता येणार नव्हतं.

डॉक्टरांच्या बाजूनं प्रश्न विचारले गेले, हरकत घेतली गेली. ती फेटाळली गेली, अर्थात त्याच अधिकाऱ्याकडून. पॅनेलनं शिफारस उचलून धरली, हॉस्पिटलच्या नियामक मंडळानंही धरली. मग डॉक्टर कोर्टात गेले. तिथे त्यांच्या सगळ्या मुद्द्यांपैकी टिकून वरपर्यंत गेला तो हा एक: ज्यांच्याकडून पुढचं काम मिळण्याची आशा आहे त्यांच्याच मर्जीतला माणूस माझ्या सुनावणीचा अधिकारी होता.

या मुद्द्यामागे जुनी वंशावळ आहे. ओहायोतल्या एका गावात दारूबंदीच्या गुन्ह्यात गावचे महापौरच न्यायाधीश म्हणून बसले. आरोपी दोषी ठरला की दंड व्हायचा, आणि खर्चाच्या रकमेतले 12 डॉलर महापौरांच्या खिशात जायचे. निर्दोष सुटला तर काही नाही. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. तिथे पैसा सरळ दिसत होता.

कॅलिफोर्नियाच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत तो इतका सरळ नव्हता. काउंटीनं एका मसाज क्लिनिकचं लायसन्स रद्द केलं. अपील ऐकायला काउंटीनंच एका स्थानिक वकिलाला तासाच्या दरानं त्या एका प्रकरणापुरतं नेमलं. नेमणूक कायम नव्हती, ठरलेली मुदत नव्हती, पुढचं प्रकरण आलं तर बोलावतील किंवा बोलावणार नाहीत. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, यातच धोका आहे. पुढची नेमणूक एकाच बाजूच्या इच्छेवर अवलंबून असेल तर तिला अनुकूल निकाल देण्याचा मोह त्या रचनेतच बसलेला आहे. त्या माणसानं प्रत्यक्षात पक्षपात केला का, हे सिद्ध करण्याची गरज नाही. न्यायालयानं उपायही सुचवला: अशा व्यक्तीला पुन्हा नेमण्याआधी ठरावीक काळ जाऊ द्या, आणि तो काळ मोह संपवण्याइतका लांब असू द्या. सेंट जोसेफच्या करारातलं तीन वर्षांचं कलम या सल्ल्याशी किती मिळतंजुळतं आहे ते वाचताच कळतं.

2004 मध्ये सॅलिनासच्या एका हॉस्पिटलच्या प्रकरणात अपील कोर्टानं आणखी पुढचं पाऊल टाकलं होतं. तिथला सुनावणी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होता, पण त्याच हॉस्पिटलच्या फाउंडेशनशी त्याचे संबंध होते आणि आधीही त्यानं तिथे काम केलं होतं. कोर्ट म्हणालं, पक्षपाताचा आभास निर्माण होतो एवढं पुरे आहे.

स्टॉकटनच्या डॉक्टरांसमोर हे दोन्ही निकाल होते. अपील कोर्ट 2019 मध्ये त्यांच्या विरुद्ध गेलं, आणि दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती क्रुगर यांच्या निकालपत्रातून शेवटचा शब्द दिला. त्या शब्दाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाजू डॉक्टरांना मिळाली. "भविष्यातलं काम हा थेट आर्थिक फायदा होऊच शकत नाही, फायदा म्हणजे फक्त या निकालावर मिळणारी रक्कम" असं हॉस्पिटलच्या बाजूचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. पुढच्या नेमणुकीच्या आशेनं अधिकारी हॉस्पिटलकडे झुकत असेल तर तो अपात्र ठरू शकतो.

दुसरी बाजू हॉस्पिटलला मिळाली आणि खटला तिनं जिंकला. नुसती शक्यता किंवा नुसता आभास पुरेसा नाही. व्यवहारात पाहता अन्यायाचा असह्य धोका निर्माण होतो असं दाखवावं लागेल. सॅलिनासच्या निकालातला 'आभास पुरे' हा भाग याच्याशी जुळत नाही तेवढा नाकारला गेला. सेंट जोसेफमधलं काम तीन वर्षं बंद होतं. साखळीतल्या इतर हॉस्पिटलांत काम केलं होतं, पुढेही मिळू शकतं, एवढ्यावरून असह्य धोका सिद्ध होत नाही. डॉक्टर हरले.

पहिल्या बाजूबद्दल मला न्यायालयाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. "पैसे घेतले पण निकालावर घेतले नाहीत" हा बचाव मी आपल्याकडे इतक्यांदा ऐकला आहे! दुसऱ्या बाजूतली अडचणही मला समजते. पीअर रिव्ह्यू चालवू शकणारी माणसं थोडी, आणि जो हे काम जाणतो तो ते वारंवार करणारच. 'आभास' एवढ्यावर माणूस बाद व्हायला लागला तर अनुभवी माणूस उरणारच नाही, आणि अननुभवी अधिकाऱ्याच्या हातून होणारं नुकसानही शेवटी डॉक्टरच्याच वाट्याला येतं.

पण तीन वर्षांच्या त्या कलमावर माझं समाधान होत नाही. ते एका इमारतीपुरतं होतं. साखळीत डझनावारी हॉस्पिटलं आहेत, आणि नाव त्यांच्यात फिरतं. एका हॉस्पिटलचे अध्यक्ष दुसऱ्याच्या अध्यक्षांना फोन करून "कोणी चांगला माणूस माहीत आहे का?" असं विचारतात, यात कुणाचाही कट नसतो. कामाची शिफारस अशीच होते. आमच्याकडे चाकणच्या एका प्लांटमध्ये केलेली चौकशी त्याच ग्रुपच्या दुसऱ्या प्लांटमधलं काम मिळवून देते, आणि मला माझं काम असंच मिळत गेलं आहे. थांबण्याचा काळ लावायचाच तर तो पैसे देणाऱ्या अख्ख्या समूहाला लावायला हवा. त्याची किंमत काय, तर साखळीला थोडे जास्त लोक शोधावे लागतील. ती फार मोठी नाही.

निवड कोण करतं याबद्दल 2013 चा एक निकाल आहे, तोही कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा. हॉलिवूडमधल्या एका हॉस्पिटलात उपविधीप्रमाणे मेडिकल स्टाफनं पॅनेल आणि सुनावणी अधिकारी निवडायचे होते, पण त्यांनी ते काम नियामक मंडळाकडे ढकललं. न्यायालय म्हणालं, उपविधी मोडली हे खरं, पण एवढ्यानं सुनावणी अन्यायकारक ठरत नाही. मला यातून धडा वेगळाच दिसतो. नंतर कोर्टात जाऊन निवडीची चूक सिद्ध करणं फार अवघड आहे. जे करायचं ते पहिल्या तारखेआधीच करायला हवं.

त्या बाबतीत महाराष्ट्राकडे एक जुनी तरतूद आहे. तिचं पुरेसं कौतुक झालं नाही असं मला वाटतं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या 1981 च्या नियमावलीतला नियम 36. शिक्षकाची चौकशी तीन जणांची समिती करते. एक संस्थेचा, एक शिक्षकानं स्वतः नेमलेला, कुठल्याही खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्यांमधून, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. त्या तिसऱ्या जागेचा विचार करा. त्याचं पोट चौकशीच्या कामावर नाही. त्याची ओळख संस्थेनं दिलेली नाही. तो त्याच व्यवसायातला आहे, त्यामुळे वर्गात काय घडू शकतं हे त्याला समजतं. आणि शिक्षकाला स्वतःचा एक माणूस आत पाठवता येतो. संस्थाचालक यादीतला सोयीचा माणूस शोधतात, तिघांचं पटत नाही, तारखा लांबतात, हे सगळं होतं. तरीही अधिकारी निवडण्यात ज्याच्यावर आरोप आहे त्याचा हात असावा, हे ज्यानं कुणी त्या नियमात लिहिलं त्याला चौकशीची नस कळली होती.

कारखान्यांसाठी असं काही नाही. मालकाचा अधिकारी किंवा मालकानं पैसे देऊन नेमलेला वकील चौकशी करत असला तरी तेवढ्यानं चौकशी दूषित ठरत नाही, वैयक्तिक पक्षपात दाखवावा लागतो, ही भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1964 पासून घेतलेली आहे. लवादाच्या बाबतीत मात्र वारं बदललं आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं रेल्वेच्या कंत्राटातलं एक कलम तपासलं. रेल्वे आपल्याच निवृत्त अधिकाऱ्यांची नावं कंत्राटदाराला द्यायची, त्यातूनच त्यानं सुचवायचं, आणि शेवटी पक्कं करायचं ते रेल्वेच्याच जनरल मॅनेजरनं. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या बहुमताच्या निकालानं ही असमानता आहे असं सांगितलं. सार्वजनिक कंत्राटातली एकतर्फी नेमणूक घटनेच्या अनुच्छेद 14 ला, म्हणजे समानतेच्या हक्काला, धरून नाही. हे लवादापुरतं आहे, डोमेस्टिक इन्क्वायरीला सरळ लागू नाही. पण करोडोंच्या बिलासाठी जी समानता आवश्यक मानली, ती एका माणसाच्या नोकरीसाठी का नको, असं कुणीतरी एक दिवस कोर्टात विचारणार आहे.

माझ्यापुरतं मी दोन-तीन वर्षांपूर्वीच एक गोष्ट बदलली. चौकशीची नेमणूक स्वीकारताना कंपनीच्या पत्राला मी उत्तर देते आणि त्याची प्रत कामगाराला पहिल्या तारखेच्या किमान आठ दिवस आधी पोचवायला सांगते. त्यात चार वाक्यं असतात. या कंपनीच्या आणि तिच्या ग्रुपच्या किती चौकशा मी याआधी केल्या. त्यांपैकी किती प्रकरणांत आरोप सिद्ध झाले, किती प्रकरणांत नाहीत. या चौकशीचे पैसे प्रत्येक बैठकीमागे ठरलेले आहेत आणि निकाल काहीही लागला तरी तेवढेच राहतील. ही चौकशी संपल्यावर दोन वर्षं मी या ग्रुपचं कुठलंही काम घेणार नाही. पहिल्यांदा ते पत्र पाठवलं तेव्हा कंपनीच्या माणसानं फोन करून विचारलं, "मॅडम, तिसरं वाक्य ठीक आहे, पण दुसरं कशाला?" मी म्हटलं, तेच तर कामगाराला विचारायचं असतं आणि विचारता येत नाही.

त्या कंपनीनं ती नेमणूक दुसऱ्या कुणाला तरी दिली. त्यानंतरच्या एका कंपनीनं पत्र जसंच्या तसं मान्य केलं. तिथल्या पहिल्या तारखेला कामगार ते पत्र घडी घालून खिशात घेऊन आला होता. त्यानं ते टेबलावर उलगडलं, दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यातली जी सिद्ध झाली नाहीत, त्या लोकांना परत कामावर घेतलं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं आणि कंपनीच्या प्रतिनिधीला पुढच्या तारखेपर्यंत माहिती द्यायला सांगितलं. त्या दिवशी रोजनाम्यात "कोणतीही हरकत नाही" ही ओळ आली नाही. "चौकशी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, उत्तर प्रलंबित" असं लिहिलं, आणि त्याखाली आम्ही तिघांनी सह्या केल्या.